डेस्कटॉपला हार्डडिस्क लावली की "फॉरमॅट करा" म्हणतंय, आत लग्नांचे फोटो आहेत

गावभाग_स्टुडिओ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीत छोटा स्टुडिओ आहे माझा, लग्न, बारसं, पासपोर्ट फोटो, पडेल ते काम. मागच्या दोन सीझनची लग्नं एका २ टीबीच्या पोर्टेबल हार्डडिस्कवर आहेत आणि त्यातले काही अल्बम अजून छापायला जायचेत. काल संध्याकाळपासून ही डिस्क डेस्कटॉपला लावली की टुंग वाजतं, मग परत टुंग, परत टुंग, आणि मग खिडकी येते, "यू नीड टू फॉरमॅट द डिस्क इन ड्राइव्ह एफ बिफोर यू कॅन यूज इट". कॅन्सल केलं की दुसरी येते, "एफ इज नॉट अ‍ॅक्सेसिबल, द पॅरामीटर इज इनकरेक्ट". मध्येच कधीतरी "यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड" पण येतंय. नक्की झालंय काय तेच कळंना. फॉरमॅटला हात लावलेला नाही. पीसी असेंबल्ड आहे, विंडोज १०. पार्टीचा रोज फोन येतोय अल्बम कुठवर आला म्हणून. कोणी सांगेल का पुढं काय करू?

भडंग

भावा टेन्शन घेऊ नको, कमांड प्रॉम्प्ट उघड अ‍ॅडमिन म्हणून, चेकडिस्क मार स्लॅश एफ लावून, जमलं तर स्लॅश आर पण. माझ्या पेनड्राइव्हला सेम हेच होतं, चहा पिऊन येईपर्यंत सगळं जाग्यावर.

पोवई_नाका

थांबा थांबा थांबा. दादा, वरचं अजिबात करू नका अजून.

साताऱ्यात रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, असल्या डिस्का रोज येतात, म्हणून सांगतो. चेकडिस्क वाईट नाही, पण ते फाइल सिस्टीम (कुठली फाइल कुठं ठेवलीय ती यादी) दुरुस्त करतं, डिस्क नाही. डिस्क आतून मरायला टेकली असेल तर चेकडिस्क तिच्यावर तासन्‌तास वाचन-लेखन करून तिला पार संपवतं, आणि वर ज्या नोंदी वाचता आल्या नाहीत त्या "दुरुस्त" करून म्हणजे उडवून टाकतं. डिस्क ठणठणीत आहे हे माहीत असेल तरच चेकडिस्क. भडंगभाऊंचा पेनड्राइव्ह बरा झाला कारण तो ठणठणीत होता, नुसता न इजेक्ट करता उपसलेला असणार.

आणि तो फॉरमॅटचा मेसेज, त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला त्या जागी ओळखीची फाइल सिस्टीम वाचता आली नाही. का नाही आली ते त्याला माहीत नाही. केबल हलली तरी तोच मेसेज, करंट कमी पडला तरी तोच, सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे बारीक कप्पे) गेले तरी तोच. म्हणून मेसेजवर जाऊ नका, आधी मला हे सांगा:

डिस्क कुठल्या पोर्टला लावलीय, कॅबिनेटच्या पुढच्या का मागच्या? मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन केबल आहे का? कानाला लावली तर फिरल्याचा सलग आवाज येतो का टक-टक-टक येतं? आणि स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा (नुसतं उघडा, तिथं "इनिशियलाइज" विचारलं तर कॅन्सल), त्यात डिस्क दिसते का, साइज बरोबर दिसते का, आणि खाली काय लिहिलंय?

कासची_वाट

रुमाल टाकून ठेवते. माझ्याकडे कासच्या फुलांचे ढीगभर फोटो एकाच डिस्कवर आहेत आणि हे वाचून पोटात गोळा आला.

गावभाग_स्टुडिओ

@पोवई_नाका दादा, पुढच्या पोर्टला लावतो नेहमी, मागं वाकायला जागाच नाही, टेबल भिंतीला टेकलंय. आवाज फिरल्याचाच आहे, मध्ये एखादा बारीक टिक येतो आणि परत पहिल्यापासून फिरते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतीय, १८६३ जीबी, आणि खाली "रॉ" लिहिलंय. २ टीबीची घेतली होती, १८६३च कशी?

पोवई_नाका

१८६३ बरोबर आहे. कंपनी टीबी दशमानात मोजते, विंडोज १०२४ च्या हिशोबात, त्यात एवढा फरक पडतोच. "रॉ" म्हणजे विंडोजला फाइल सिस्टीम ओळखता आलेली नाही. साइज पूर्ण दिसतीय ही खरं तर चांगली बातमी. साइज शून्य दिसली असती किंवा "नॉट इनिशियलाइज्ड" आणि वर "आय ओ डिव्हाइस एरर" आला असता तर डिस्क स्वतःच उत्तर देत नाही असं धरलं असतं. आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये मुळात आलीच नसती तर केबल, पॉवर नाहीतर डिस्कचं बोर्ड.

परत पहिल्यापासून फिरते म्हणजे तिचा करंट मध्येच तुटतोय. असेंबल्ड पीसीच्या पुढच्या पोर्टला मदरबोर्डपासून एक बारीक वायर येते, स्वस्त कॅबिनेटमध्ये ती अगदीच हलकी असते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. ही अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. मग व्होल्टेज खाली बसतं, डिस्क बंद पडते, परत चालू होते, तेच तुमचं टुंग-टुंग.

टेबल ओढा. मदरबोर्डच्या मागच्या निळ्या पोर्टला थेट लावा, हब नको, आणि डिस्कची केबल दुसरी घ्या, तोंड चपटं-रुंद असतं ती. शक्यतो आखूड. बदलल्यावर काय दिसतं ते सांगा. उघडली तर लगेच आत हिंडू नका, थंबनेल बनवत बसतं ते.

निवृत्त_गुरुजी

मी वाईचा, निवृत्त शिक्षक, माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो, वेगळा धागा काढायचा कसा ते मला अजून जमलेले नाही, तर असं की नातवाने मला कीर्तनांची रेकॉर्डिंगं पेनड्राइव्हवर घालून दिली होती, ती मी एका झेरॉक्सच्या दुकानात नेली कारण एक पत्रक छापायचं होतं तेही त्यातच होतं, घरी येऊन लावतो तर सगळी कीर्तनं गायब आणि सगळ्या फोल्डरांच्या जागी बाण असलेली चिन्हं, त्यावर क्लिक केलं की काळी खिडकी येऊन जाते, पेनड्राइव्हमध्ये जागा मात्र भरलेली दाखवतो, तर कीर्तनं आहेत का गेली?

पोवई_नाका

गुरुजी, कीर्तनं आहेत. शॉर्टकट व्हायरस आहे तो, झेरॉक्स दुकानं आणि सायबर कॅफेतला जुना पाहुणा. खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट करून ठेवतो. त्या बाणांवर आता परत क्लिक करू नका, क्लिक केलं की तो तुमच्या पीसीत शिरतो. एकदा केलंयच तर आधी पीसीचा पूर्ण स्कॅन, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर चालेल. मग नातवाला सांगा, अ‍ॅट्रिब कमांडने हिडन, सिस्टीम आणि रीड ओन्ली हे तिन्ही काढ, सबफोल्डरसकट. फोल्डर दिसायला लागतील. कधीकधी नाव नसलेल्या एका फोल्डरात सगळं ढकललेलं असतं, तेही बघायला सांगा. कीर्तनं बाहेर काढून झाली की पेनड्राइव्ह फॉरमॅट, तिथं मात्र खुशाल फॉरमॅट.

निवृत्त_गुरुजी

आभारी आहे. रविवारी नातू येतो, तेव्हा करवून घेतो.

गावभाग_स्टुडिओ

टेबल ओढलं, मागच्या निळ्या पोर्टला लावली, शेजारच्या मोबाइलवाल्याकडून केबल आणली. टुंग-टुंग बंद झालं एकदम!! आणि डिस्क उघडली पण, फोल्डर दिसतायत, फॉरमॅटचा मेसेज नाही. लई भारी वाटलं राव. पण आता दुसरंच, एका लग्नाचा फोल्डर कॉपी करायला घेतला तर अर्ध्यात हिरवी पट्टी अडकली, पाच-दहा मिनिटं हललीच नाही आणि मग "डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक". स्किप केलं तर पुढच्या फाइली गेल्या. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं, पिवळं "कॉशन" दाखवतंय. सी५ च्या ओळीत शेवटी १६८ आहे. सी७ शून्य आहे म्हणजे केबल तरी ओके ना?

भडंग

सी७ शून्य म्हणजे केबल ओके, हे मी पण वाचलंय. मग फक्त १६८ सेक्टर गेले, २ टीबीत १६८ म्हणजे काहीच नाही की. आता तरी चेकडिस्क मारू दे की त्याला.

तंबोरा

मिरजेहून. एका हॉस्पिटलचं आयटी बघते, त्यामुळे मरणाऱ्या डिस्कांचा सहवास भरपूर.

स्टुडिओवाले दादा, आधी ती डिस्क सेफली रिमूव्ह करून बाजूला ठेवा. जोडून ठेवली तरी विंडोज मागं काही ना काही वाचत बसतं, इंडेक्सिंग, थंबनेल, अँटिव्हायरस.

आता वरच्या दोन गोष्टी. सी७ म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर, तो डिस्क आणि तिच्या साटा जोडणीमधला हिशोब आहे. पोर्टेबल डिस्कमध्ये ती जोडणी डब्याच्या आत असते. तुमच्या यूएसबी केबलबद्दल सी७ काहीच सांगत नाही, शून्य असला तरी नाही. यूएसबी केबल खराब आहे का ते बदलूनच कळतं, आणि तुम्ही ते केलंच आहे.

दुसरं, क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये दाखवतं. तुमचं १६८ म्हणजे आपले ३६०. सी५ म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला वाचता न आलेले आणि अजून बदलून न टाकलेले सेक्टर. आणि हे फक्त आतापर्यंत ज्यांना हात लागला ते, बाकीच्या डिस्कवर किती आहेत ते वाचल्याशिवाय डिस्कलाही माहीत नसतं. भडंगभाऊ, २ टीबीत ३६० थोडे आहेत हे खरं, पण ते फाइल सिस्टीमच्या यादीत पडले तर आख्खे फोल्डर दिसेनासे होतात. आणि आकडा वाढत असेल तर पृष्ठभाग खराब होतोय किंवा हेड (डेटा वाचणारा भाग) दमलंय.

म्हणजे तुमच्याकडं दोन दुखणी एकदम होती. पुढचा पोर्ट करंट तोडत होता, आणि डिस्क आतून आजारी होतीच. पहिलं गेलं म्हणून दुसरं दिसलं. फिरत्या डिस्कची वीज परत-परत जाणं हे तिच्या तब्येतीला काही बरं नव्हे, पण कुठल्यामुळं कुठलं झालं ते आता ठरवता येत नाही आणि ठरवून उपयोगही नाही.

पोवई_नाका

तंबोराताईंना +१. दादा, इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीम लॉगमध्ये "डिस्क" नावाच्या नोंदी बघा. इव्हेंट ७ असेल तर बॅड ब्लॉक, म्हणजे ताई म्हणतायत तेच. नुसत्या १५७ असत्या, डिस्क अचानक काढली अशा, तर मी केबल-पोर्टवरच थांबलो असतो.

पुढं काय करायचं त्यावर माझं मत असं की फोल्डर उघडतायत तोवर जे अल्बम छापायचे राहिलेत तेवढे आधी उचलून घ्या. साध्या कॉपी-पेस्टने नको, एका खराब फाइलपाशी एक्सप्लोरर लटकतो. रोबोकॉपी (विंडोजचीच कॉपी करायची कमांड) वापरा, पण त्याला रिट्राय शून्य किंवा एक सांगा, वेट एक सेकंद. न सांगता चालवलं तर रोबोकॉपी एका वाचता न येणाऱ्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. पुढचा सीझन येईल तरी तो तिथंच.

तंबोरा

इथं माझं थोडं वेगळं मत आहे. डिस्क अजून पूर्ण साइज दाखवते, फिरते, टक-टक नाही, म्हणजे आख्खीचा क्लोन (सेक्टरला सेक्टर नक्कल) निघण्याइतकी जिवंत आहे. फाइल-फाइल कॉपी करताना हेड सगळीकडं उड्या मारतं, आणि खराब जागी वेळ जातो तो चांगल्या जागेच्या वाट्याचा. डीडीरेस्क्यू (लिनक्सवरचा क्लोन काढायचा प्रोग्राम) उलटं करतं, आधी सरळ पुढं जात जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलं की ती जागा टिपून उडी मारतं, आणि सगळं चांगलं पदरात पडल्यावर मग खराब कोपरे खरवडायला परत येतं.

पण अल्बम खरंच उद्या छापायला जायचा असेल तर पोवई नाका म्हणतायत तसं तेवढे दोन-तीन फोल्डर आधी, मग क्लोन. दोन्हीत मरण नाही. आख्ख्या डिस्कवर रोबोकॉपी मात्र नको.

पोवई_नाका

मान्य. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं म्हणून मला आधी फोल्डर काढायची सवय.

गावभाग_स्टुडिओ

इव्हेंट ७ च्या ओळी आहेत, भरपूर. अल्बमचे दोन फोल्डर रोबोकॉपीने घेतले, एकातल्या चार-पाच फाइली सोडून सगळं आलं, पार्टीला सांगितलं आठवड्यात अल्बम देतो. आता क्लोन. लिनक्स मी आयुष्यात बघितलेलं नाही. नवीन डिस्क कुठली आणू, २ टीबीची चालेल का?

तंबोरा

४ टीबी आणा. क्लोनसाठी नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, आणि "२ टीबी" लिहिलेल्या दोन डिस्का सेक्टरला सेक्टर सारख्या असतीलच असं नाही. एका सेक्टरने कमी पडली तरी शेवट कापला जातो.

करायचं असं. सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स पेनड्राइव्हवर टाका, त्यात डीडीरेस्क्यू आणि टेस्टडिस्क दोन्ही आधीच असतात. पीसी त्यावरून बूट करा. तुमच्या विंडोजच्या डिस्कची वायर कॅबिनेटमधून काढूनच ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जायला नको. मग एलएसबीएलके कमांड द्या, ती सगळ्या डिस्का साइजसकट दाखवते. २ टीबीची जुनी आणि ४ टीबीची नवी ही अजून एक सोय, साइजवरून ओळख पटते. दोन्ही एकाच साइजच्या असल्या की माणसं उलटीकडून क्लोन करतात आणि रिकामी डिस्क भरलेलीवर ओततात.

डीडीरेस्क्यूला आधी जुनी, मग नवी, मग मॅप फाइलचं (काय वाचून झालं, काय राहिलं त्याची नोंद) नाव, याच क्रमानं. पहिल्या फेरीला "एन" पर्याय द्या, म्हणजे खरवडणं सोडून देतं. मॅप फाइल तिसऱ्या एखाद्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्सच्या फोल्डरात ठेवली तर ती रॅममध्ये असते, वीज गेली की गेली. मॅप असला की जिथं थांबलं तिथून परत सुरू होतं.

वेळ किती? निळ्या पोर्टला सेकंदाला १०० एमबीच्या आसपास मिळाले तर २ टीबीला साडेपाच-सहा तास. यूएसबी २ वर ३५ च्या आसपास मिळतात, मग सोळा तास धरा. खराब जागा आल्या की त्याच्यावर. पंखा लावून ठेवा डिस्कवर, तापते.

भडंग

सांगलीत सोळा तास सलग लाइट, ताई तुम्ही मिरजेच्या का स्वित्झर्लंडच्या?

तंबोरा

म्हणूनच मॅप फाइल म्हटलं :) यूपीएस असेल तर पीसी त्यावर, आणि नव्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर असेल तर तोही त्यावरच. पीसी यूपीएसवर आणि डिस्क भिंतीतल्या सॉकेटवर, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

कृष्णाकाठ

अवांतर: गावभागातल्या जुन्या घरांत अर्थिंग बघा एकदा. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ना, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) आतल्या फिल्टरमुळं बिनअर्थिंगचं कॅबिनेट मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजला तरंगत असतं, करंट बारीक असतो म्हणून माणूस मरत नाही. पण अशा पीसीला वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवाली डिस्क लावताना ठिणगी पडू शकते आणि पोर्ट जाऊ शकतो. तीन पिनची वायर दोन पिनच्या एक्स्टेन्शनला जुगाड करून लावू नका. मी इलेक्ट्रिशियन आहे, फुकटचा सल्ला.

कासची_वाट

माझा पण एक प्रश्न. नव्या डिस्कवर फुलांचा एक मोठा व्हिडिओ टाकायला गेले तर म्हणतंय "द फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टीम". जागा तर ४०० जीबी रिकामी आहे. आणि इजेक्ट करताना कायम "धिस डिव्हाइस इज करंटली इन यूज", काही उघडं नसताना. मग तशीच उपसते.

पोवई_नाका

ताई, तुमच्या डिस्कची फाइल सिस्टीम फॅट३२ असणार, तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, जागा कितीही असो. डेटा दुसरीकडं घेऊन एनटीएफएस करा. टीव्हीला किंवा मॅकला पण लावायची असेल तर एक्सफॅट, पण एक्सफॅटला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, अशी उपसायची सवय असेल तर ती लवकर बिघडते. तुमच्यासाठी एनटीएफएस.

इजेक्टचं म्हणाल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये २२५ नंबरची नोंद शोधा, कर्नेल पीएनपी नावाखाली. कुठल्या प्रोग्रामने डिस्क धरून ठेवलीय त्याचं नाव लिहिलेलं असतं. बहुतेक अँटिव्हायरस नाहीतर फोटो बघायचं अ‍ॅप. नाहीच सुटलं तर पीसी शटडाऊन करा, दिवे गेल्यावर काढा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला "क्विक रिमूव्हल" आपोआप असतं, म्हणजे लिहायचं राहिलेलं फारसं साठून राहत नाही, पण कॉपी चालू असताना उपसली तर ते काय वाचवणार.

भडंग

बरं एक खरंच विचारायचंय, मस्करी नाही. २०१९ च्या पुरात हरभट रोडला मामाचं दुकान पाण्यात होतं, पीसी सकट. त्याची डिस्क आम्ही उन्हात वाळवून लावली आणि ती कायमची गेली. तांदळात ठेवायला पाहिजे होती का?

तंबोरा

नाही हो, तांदूळ तर नकोच. साध्या हार्डडिस्कच्या झाकणाला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, आत फिल्टर असतो, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. पुराचं पाणी तिथून आत जाऊ शकतं, आणि पाण्याबरोबर गाळ. वाळवलं की गाळ प्लॅटरवर (आतल्या फिरत्या चकतीवर) चिकटून बसतो, मग वीज दिली की हेड त्याच्यावर घासतं. पुरातली डिस्क चालू करायची नाही, वाळवायची नाही, ओली तशीच झिपच्या पिशवीत घालून लॅबला पाठवायची. पुण्या-मुंबईत क्लीनरूमवाल्या लॅब आहेत, खर्च मोठा असतो, डेटा तेवढ्या मोलाचा असेल तरच. टक-टक वाजणाऱ्या डिस्कलाही तेच, ती घरी उघडायची नाही आणि फ्रीजमध्ये पण ठेवायची नाही.

कृष्णाकाठ

पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांच्या वर जायला लागली की आम्ही आधी गॅस सिलिंडर माळ्यावर नेतो, आता त्याच्याबरोबर डिस्कांचा डबा पण नेतो.

बेदाणा_शेड

तासगाव. आमच्या पीसीला कुठलाही पेनड्राइव्ह लावला की "पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट" येतं, मग पुढचे दोन्ही पोर्ट बंद. आणि एका पेनड्राइव्हला कोड ४३. हिशोबाची फाइल न्यायची असते ऑडिटरकडं.

पोवई_नाका

पॉवर सर्ज म्हणजे पोर्ट ठरल्यापेक्षा जास्त करंट खेचतोय, शॉर्ट असतो बऱ्याचदा. टॉर्च मारून पोर्टच्या आत बघा, एखादी पिन वाकून दुसरीला किंवा कडेच्या पत्र्याला टेकली असेल. शेडमध्ये असाल तर धूळ आणि बेदाण्याचा चिकटपणा पण आत जातो. पीसी बंद करून मेन वायर काढून मगच हात घाला. पिन वाकलेली असेल तर पुढच्या पोर्टची वायर मदरबोर्डवरून काढूनच टाका, मागचे वापरा.

कोड ४३ म्हणजे पेनड्राइव्ह नीट ओळख सांगत नाहीये. दुसऱ्या पीसीवर पण कोड ४३ आला तर पेनड्राइव्ह गेला. तिथं चालला तर तुमच्याकडं पीसी बंद, मेन वायर काढून पॉवर बटण दाबून धरा थोडं, परत चालू करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमधून ते पिवळं चिन्हवालं अनइन्स्टॉल करून परत लावा. हिशोबाची फाइल एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका बाबा, ऑडिटरला मेल करा.

गावभाग_स्टुडिओ

मंडळी, झालं. सविस्तर सांगतो. ४ टीबी आणली, भाच्याला बसवलं शेजारी, त्याला इंजिनिअरिंगमुळं ती काळी स्क्रीन वाचता येते. रात्री चालू केलं, सुरुवातीला पळालं मस्त, मग एका पट्ट्यात आलं आणि सेकंदाला काही केबीवर बसलं, मग ते स्वतःच उडी मारून पुढं गेलं. पहाटे लाइट गेलीच, यूपीएस तेवढा टिकला नाही. सकाळी परत चालू केलं तर मॅप फाइलमुळं तिथूनच सुरू, भाचा पण बघत राहिला. दुसऱ्या फेरीनंतर ९९.९९ टक्के दाखवतंय, खराब जागा काही एमबी फक्त. पहिल्या फेरीला त्या पट्ट्यात जे सोडलं होतं त्यातलं बरंचसं दुसऱ्या फेरीत आलं. ताई तुमचे उपकार. आता क्लोन विंडोजला लावू का? आणि त्या काही एमबीत कुठल्या फाइली गेल्या ते कसं कळणार, हजारो फोटो आहेत.

तंबोरा

उत्तम! लगेच विंडोजला नको. डीडीरेस्क्यूमध्ये फिल मोड नावाचा प्रकार आहे, मॅप फाइल वाचून फक्त न आलेल्या जागांवर तुम्ही द्याल तो मजकूर भरतं. एका फाइलीत एखादा जगावेगळा शब्द लिहा, समजा "हळदबाजारखड्डा", आणि नव्या डिस्कवरच्या त्या जागा त्यानं भरा. जुनी डिस्क तेव्हा काढून ठेवा, तिची गरज नाही. मग क्लोन रीड ओन्ली माउंट करून (म्हणजे फक्त वाचण्यापुरता जोडून) ग्रेप या शब्द शोधायच्या कमांडने तो शब्द सगळ्या फाइलींत शोधा. ज्या फाइलीत सापडला ती खराब. यादी मिळेल.

यादी मिळाल्यावर क्लोन विंडोजला लावा, आणि आता भडंगभाऊंचं चेकडिस्क मारा. नवी डिस्क ठणठणीत आहे, आता ते त्याचंच काम आहे. एक लक्षात ठेवा, ४ टीबीवर पार्टिशन जुन्याच मापाचं दिसेल आणि डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची असेल तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही. म्हणून क्लोनमधून सगळं दुसऱ्या एका डिस्कवर कॉपी करून घ्या, मग ही जीपीटी या नव्या पद्धतीची करून नव्यानं वापरा.

भडंग

शेवटी चेकडिस्कच कामाला आलं की नाही!

गावभाग_स्टुडिओ

यादी निघाली. एकूण वीसेक फोटो आणि एक व्हिडिओ. फोटो अर्धे राखाडी दिसतात, वरचा भाग बरा आणि खाली सपाट राखाडी पट्टा. त्यातले हळदीचे कॅमेऱ्याच्या कार्डात अजून आहेत, कार्ड पुसलं नव्हतं. व्हिडिओ वरातीचा होता, डीजेसमोर नाचणारे मामा लोक, त्याचं पार्टीला सांगावं लागंल. अल्बम उद्या छापायला जातोय.

आता जुन्या डिस्कचं काय करू? वॉरंटी अजून शिल्लक आहे, बदलून देतील म्हणतात. पण आत लोकांच्या घरचे फोटो आहेत, अशीच पाठवू का? का फॉरमॅट मारून सिनेमे ठेवायला वापरू?

पोवई_नाका

सिनेमे पण नको ठेवू. सी५ वाढलेल्या डिस्कवर काहीच ठेवायचं नाही, दोन महिने चालेल आणि मग परत इथंच धागा काढशील.

वॉरंटीत पाठवायची तर आधी पुसून. क्विक फॉरमॅट नको, त्यात नुसती यादी पुसते, फोटो तिथंच राहतात. क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट मार, विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडं शून्य लिहितं. वेळ लागेल. मध्येच एररने थांबलं तर डिस्कपार्टमधून क्लीन ऑल, पण डिस्कचा नंबर दहा वेळा बघून, ते विचारत बसत नाही. तेही पूर्ण होत नसेल तर वॉरंटीचा नाद सोड आणि ड्रिल मशीनने प्लॅटरमधून आरपार दोन भोकं पाड, लोकांच्या लग्नाचे फोटो बाहेर जाण्यापेक्षा बरं.

तंबोरा

आणि हे सगळं क्लोनची दुसरी कॉपी झाल्यावर. तोवर जुनी तशीच कपाटात.

गावभाग_स्टुडिओ

दुसरी डिस्क आजच मागवली, शुक्रवारी येतीय. तोवर हात लावत नाही.